आवाजाची ठेव

पुण्याच्या शनिवार पेठेंत ज्या घरीं गाणें आहे, त्या घरीं आज तंबोऱ्याच्या शेजारीं संगणकहि आहे. ओंकारेश्वराकडे उतरणाऱ्या गल्लींतून सकाळीं जाणाऱ्यास वरच्या मजल्यावरून भैरवाचा धैवत ऐकूं आला, तर तो धैवत त्याच क्षणीं एखाद्या यंत्रांतहि उतरत असण्याचा संभव पुष्कळ आहे. तबकड्यांच्या काळीं असें नव्हतें. गवयास कंपनीचें बोलावणें यावें लागे, आणि तासभर रंगणारा राग तीन-साडेतीन मिनिटांत आटपून द्यावा लागे. आतां शिकाऊ मुलगीहि आपला रोजचा रियाज मुद्रित करून रात्रीं स्वतःच ऐकूं शकते. ही सोय मोठी आहे, आणि तिच्याविषयीं कुरकुर करणें कृतघ्नपणाचें होईल.

परंतु सोयीबरोबर एक नवें दुःखहि घरांत शिरलें आहे. तें हरवलेल्या आवाजाचें. काल संगणकांत होतें तें गाणें आज उघडत नाहीं. उघडलें तर वाजत नाहीं. वाजलें तर तें आपलें वाटत नाहीं. असें झालें म्हणजे आपण एखाद्या जाणत्या मुलास बोलावतों आणि हा यंत्राचा प्रश्न समजून त्याच्या हवालीं करतों. आमच्या मतें हा प्रश्न बव्हंशीं नीतीचा आहे. दुसऱ्याचें जें आपल्या स्वाधीन झालें तें कसें राखावें, किती राखावें, आणि राखूं नये असें त्यानेंच सांगितलें असल्यास काय करावें, हे प्रश्न सावकाराकडील ठेवीइतके जुने आहेत. त्यांचा पेहराव तेवढा नवा आहे.

यंत्राची दुरुस्ति शिकविणें हें या मासिकाचें काम नव्हे. तरी थोडी यंत्रवार्ता सांगितल्यावांचून पुढील विचारास पाया मिळणार नाहीं. ऑडॅसिटी नांवाचें ध्वनिमुद्रणाचें सॉफ्टवेअर २००० सालापासून फुकट मिळतें आणि घरगुती गवयांत तें फार रूढ आहे. २०२१ सालीं त्याची तिसरी आवृत्ति निघेपर्यंत त्याची रीत अशी होती कीं, काम जतन केलें म्हणजे एक लहानशी फाइल तयार होई आणि तिच्या शेजारीं एक फोल्डर. लहान फाइलींत केवळ याद असे: कोणता तुकडा कोठून आणावयाचा, कशामागून काय लावावयाचें. प्रत्यक्ष आवाज त्या फोल्डरमध्यें असंख्य तुकड्यांच्या रूपानें पडलेला असे. पुष्कळांनीं नांव पाहून ती याद तेवढी पेन-ड्राइव्हवर घेतली आणि संगणक साफ केला. वाण्याची यादी कडीकुलपांत ठेवून धान्य उकिरड्यावर टाकण्याचाच हा प्रकार. नव्या आवृत्तींत सर्व एकाच फाइलींत येतें हें खरें, पण या जातीच्या इतर अनेक सॉफ्टवेअरांत याद वेगळी आणि आवाज वेगळा ही रीत अद्यापि चालू आहे.

दुसरा प्रकार अधिक गमतीचा आहे. आवाज अंकांत उतरवितांना एका सेकंदास किती मापें घ्यावयाचीं याचे दोन प्रघात आहेत, ४४,१०० आणि ४८,०००. पहिल्या मापानें घेतलेलें गाणें चुकून दुसऱ्या मापानें वाजविलें, तर तासाचा ख्याल सुमारें पंचावन्न मिनिटांत संपतो आणि षड्ज जवळजवळ दीड अर्धस्वरानें वर चढतो. काळी एकमध्यें गाणारी बाई मग पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधल्या अशा जागीं गाऊं लागते, कीं जेथें पेटीवर पट्टीच नाहीं. घरच्या माणसांस वाटतें, आवाज बिघडला. मुद्रण खराब झालें. वास्तविक एक अंकहि हललेला नसतो. तिसरा प्रकार रात्रभर चालणाऱ्या बैठकींचा. वेव्ह जातीच्या फाइलींत स्वतःची लांबी लिहिण्यास जी जागा राखलेली असते ती सुमारें चार गिगाबाइटपर्यंतच पुरते; चांगल्या प्रतीचें दुहेरी मुद्रण तासाला जवळजवळ एक गिगाबाइट होतें. म्हणजे चार तासांच्या पुढें, नेमकी भैरवीच्या वेळीं, फाइलीची पाटी भरते. यावर उपाय आहे. मोठ्या लांबीसाठीं निराळे प्रकार निघाले आहेत. पण तो आधीं ठाऊक असावा लागतो.

या तिन्ही प्रसंगीं यंत्र बिघडलेलें नव्हतें, हें वाचकांनीं लक्षांत घ्यावें. त्यानें सांगितलें तेवढें निमूटपणें केलें होतें. आपणच त्यास काय सांगितलें हें पाहिलें नव्हतें. दोष शोधण्याची खरी रीतहि याचमुळें अर्धी यंत्राची आणि अर्धी स्वभावाची आहे. एका वेळीं एकच गोष्ट बदलून पाहावी. बदललेली लिहून ठेवावी. आणि फाइल नाहींशी झाली असें दिसतांच हात मागें घ्यावा. जुन्या फिरत्या तबकडीच्या डिस्कवरील पुसलेले अंक, त्यांवर दुसरें कांहीं लिहिलें जाईपर्यंत, बहुधा जागेवरच असतात. घाबरलेला मनुष्य नेमकें उलट करतो. तो नवीं सॉफ्टवेअरें आणून त्याच डिस्कवर बसवितो आणि ज्याचा शोध करावयाचा त्याच्यावरच माती लोटतो. नव्या पद्धतीच्या, फिरता भाग नसलेल्या डिस्कवर तर पुष्कळदां एवढीहि सवड मिळत नाहीं.

आतां प्रतीविषयीं. शनिवार पेठेस या बाबतींत उपदेशाची गरज नसावी, कारण तिनें आग आणि पाणी दोन्ही पाहिलीं आहेत. शनिवारवाड्यांतील महाल १८२८ सालच्या आगींत गेले; तट, दरवाजे आणि जोतीं राहिलीं. पेशव्यांचें दप्तर मात्र उरलें, आणि त्यांतून रियासतकार सरदेसाई यांनीं निवडलेले ४५ खंड १९३० नंतरच्या थोड्या वर्षांत लोकांच्या हातीं आले. दगडी वाड्याहून कागद अधिक टिकला हें पाहून ज्यास नवल वाटत नाहीं त्यास धन्य म्हटलें पाहिजे. पुढें १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, खडकवासल्याचें खचलें, आणि मुठेचें पाणी नदीकांठच्या पेठांतून शिरलें. मातीच्या भिंतींचे वाडे बसले. ट्रंकांतलीं पत्रें, वह्या, फोटो यांचा लगदा झाला. ज्यांनीं एकाच कपाटांत मूळ आणि नक्कल शेजारीं शेजारीं ठेवली होती, त्यांचीं दोन्ही एकाच वेळीं गेलीं.

म्हणूनच जाणते लोक सांगतात कीं प्रती तीन असाव्या, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि एक तरी निराळ्या ठिकाणीं असावी. शनिवार पेठेंतील घरानें एक प्रत कोथरूडला ठेवावी, आणि कोथरूडच्या घरानें शनिवारांत. यास फारसा खर्च नाहीं. तरी तें होत नाहीं, कारण आपण छायेस प्रत समजतों. इंटरनेटवरून दोन यंत्रांतील मजकूर आपोआप सारखा ठेवणारी जी सोय असते, तिच्यावर आपली सर्व भिस्त असते. परंतु तिचा धर्मच सारखेपणा हा आहे. येथें पुसलें कीं तेथेंहि पुसलें जातें. येथें बिघडलें कीं बिघाड तत्परतेनें तिकडे पोंचतो. अशा सेवा पुसलेलें कांहीं दिवस राखतात; ती मुदत उलटली म्हणजे तेंहि संपलें. वस्तु हलली कीं छाया हलते. वस्तु जळाली तर छाया साक्षीस उभी राहत नाहीं.

आणि प्रत खरोखर वेगळी असली तरी तेवढ्यानें भागतें काय? २००३ च्या जानेवारींत पुण्यांतच, प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या आवारांत, नायट्रेट फिल्म ठेवलेल्या कोठारास आग लागली आणि कित्येक जुन्या चित्रपटांचीं मूळ रिळें खाक झालीं. ज्यांच्या प्रती आधींच टिकाऊ फिल्मवर उतरविल्या होत्या ते चित्रपट आजहि पाहतां येतात. उतरविणें हें कोणी तरी, कोठल्या तरी कंटाळवाण्या दुपारीं केलेलें काम होतें. त्या माणसांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत. आमच्या मतें प्रत म्हणून जी वस्तु आपण दाखवितों ती त्या दुपारचें केवळ अवशिष्ट आहे. दुपार कोणीच खर्चिली नसेल तर डिस्कवर नांव असतें, आंत कांहीं नसतें. जिच्यावरून एकदां तरी मूळ पुन्हा उभें करून ऐकलेलें नाहीं, ती प्रत आहे असें म्हणण्यास आधार तरी कोणता?

आमच्या पूर्वजांस हें कळत होतें, आणि त्यांनीं तें कागदावांचून साधलें. वेदपठणाचे क्रम, जटा, घन हे प्रकार ज्यांनीं ऐकले असतील त्यांस आठवेल कीं जटेंत दोन पदें सरळ, मग उलट, मग पुन्हा सरळ म्हणावीं लागतात. घनांत ही गुंफण आणखी वाढते. अर्थासाठीं याचा कांहीं उपयोग नाहीं. उपयोग आहे तो एवढाच, कीं एक स्वर चुकला तर तो पुढल्याच उलटण्यांत अडखळतो आणि उघडा पडतो. आजच्या संगणकांत फाइलींतील सर्व अंकांवरून एक ताळ्याची संख्या काढून ठेवतात, आणि वर्षानें पुन्हा काढून ती जुळते कीं नाहीं पाहतात. एक अंक हलला तरी ती बदलते. दोहोंमागील कल्पना एकच आहे. फरक असा कीं यंत्र ताळा काढील, पण काढावा अशी आठवण कोणास तरी व्हावी लागते. पाठशाळेंत ती आठवण गुरूच्या तर्जनींत असे.

प्रतींच्या संख्येवर भिस्त ठेवली तर दुसराच प्रश्न येतो, कीं खरी कोणती? ज्ञानेश्वरींत लिहिणाऱ्यांच्या हातून पाठ घसरले, पदरच्या ओव्या शिरल्या. तेव्हां एकनाथांनीं शके १५०६ त पाठ जुळवून शुद्ध प्रत सिद्ध केली. भांडारकर संस्थेंत महाभारताची चिकित्सित आवृत्ति करण्याचें काम १९१९ पासून १९६६ पर्यंत चाललें. बाराशेंहून अधिक हस्तलिखितें पाहिलीं गेलीं, आणि त्यांतील एकहि मूळ नव्हतें. मूळ नसतांना केवळ प्रतींच्या परस्पर साक्षींवरून एवढें उभें राहूं शकतें, हें त्या कामाचें आश्चर्य. तुकोबांच्या वह्या इंद्रायणींत गेल्या, तरी गाथा तरली असें आपण म्हणतों. चमत्कार मानणाऱ्यांनीं चमत्कार मानावा. न मानणाऱ्यासहि हें मान्य करावें लागेल कीं जें गांवच्या कंठांत गेलें आहे तें डोहांत बुडवितां येत नाहीं.

येथें आम्हांस भास्करबुवा बखले यांची आठवण होते. त्यांनीं १९११ सालीं पुण्यांत भारत गायन समाज काढला. १९२२ त ते वारले. त्या वेळीं तबकड्या निघूं लागून वीस वर्षें होत आलीं होतीं, तरी बुवांच्या आवाजाची एकहि तबकडी आज ऐकावयास मिळत नाहीं. त्यांचें गाणें कसें होतें हें मास्तर कृष्णरावांवरून, बालगंधर्वांवरून, आणि त्यांच्या शिष्यपरंपरेवरून ताडावयाचें. पुष्कळांस ही केवढी हानि वाटते, आणि ती आहेच. ती नाहीं असें म्हणणें म्हणजे गरिबीचे गोडवे गाण्यासारखें होईल. पण दुसरी बाजूहि पाहावी. त्यांच्यापासून काय राखावयाचें तें शिष्यांस स्वतःच निवडावें लागलें, गळ्यांत बसवावें लागलें, आणि त्यासाठीं वर्षें द्यावीं लागलीं. आज एखाद्या रसिकाच्या डिस्कवर पांच हजार तासांचें गाणें असतें. रोज दोन तास ऐकलें तरी तें संपण्यास जवळजवळ सात वर्षें लागतील. तो ऐकत नाहीं, तो राखतो. न ऐकलेल्या संग्रहाची अखंड काळजी वाहणें हा वैराग्याच्या अगदीं उलट टोंकाचा, पण तितकाच कोरडा व्यवसाय आहे. तरीहि त्या रसिकास आम्ही दोष देणार नाहीं. त्याच्या पांच हजार तासांतील एखादा तास उद्यां कोणाच्या उपयोगीं पडेल हें आज सांगतां येत नाहीं.

आतांपर्यंत जें बोललों त्यांत राखणें चांगलें हें गृहीत होतें. तेंच जेथें वादांत सांपडतें असा एक प्रसंग आमच्या माहितींतील एका घरीं घडला. नांवें सांगण्याचें कारण नाहीं. शनिवार पेठेंत एक बाई चाळीस वर्षें मुलींस गाणें शिकवीत. उतारवयांत भाच्यानें त्यांस संगणक आणि ध्वनिग्राहक मांडून दिला. सकाळचा रियाज त्या मुद्रित करीत आणि दुपारीं आपल्या चुका ऐकत. रविवारीं आठवड्याचें सर्व पुसून टाकावयाचें, असें त्यांनीं भाच्यास बजावलें होतें; आणि त्यानें "बरं, आत्या" म्हटलें होतें. त्यानें पुसलें नाहीं. दर रविवारीं तें दुसऱ्या डिस्कवर उतरवून तो घरीं नेई, आणि आत्याच्या यंत्रावरून तेवढें काढून टाकी. बाई वारल्या. कांहीं महिन्यांनीं त्यांचा संगणकहि बंद पडला, आणि त्यांतील थोडींबहुत शिकवणीचीं मुद्रणें गेलीं म्हणून घरचीं माणसें हळहळूं लागलीं. तेव्हां भाच्यानें सांगितलें कीं आपल्यापाशीं तीनशें तासांहून अधिक आहे.

त्याची धाकटी बहीण आत्यापाशींच शिकलेली. ती आनंदली नाहीं. "दादा, आत्यानें पुसायला सांगितलं होतं ना तुला?" एवढेंच ती म्हणाली. "अगं, पुसलं असतं तर आज काय उरलं असतं तिचं?" असें त्याचें उत्तर. दोघेंहि खरें बोलत होतीं, हीच अडचण आहे.

फ्रान्ट्स काफ्का १९२४ त वारला, तेव्हां आपलीं हस्तलिखितें न वाचतां जाळावीं असें तो मॅक्स ब्रोड या मित्रास लिहून गेला होता. ब्रोडनें तीं जाळलीं नाहींत. दुसऱ्याच वर्षीं त्यानें त्यांतील एक कादंबरी प्रसिद्ध केली, आणि जग त्यास दुवा देतें. पण फळ गोड निघालें एवढ्यावरून कृत्य न्याय्य ठरत असेल, तर ज्यांच्या हस्तलिखितांतून कांहींच निघालें नाहीं त्यांच्या मित्रांस आपण विश्वासघातकी म्हणावयाचें काय? ब्रोडचा बचाव याहून सबळ होता. आपण जाळणार नाहीं, असें काफ्कास जिवंतपणींच स्पष्ट सांगितलें होतें, असें तो म्हणे. भाच्यानें मात्र "बरं" म्हटलें होतें. त्या एका शब्दावर विसंबून ती वृद्ध बाई रोज सकाळीं निःसंकोचपणें बेसूर होऊं शकली. खोकली, थांबली, स्वतःवर रागावली, एकदां म्हणे रडलीहि. कोणी ऐकणार नाहीं या विश्वासावर जें केलें गेलें, तें ऐकणें हें बंद खोलींत डोकावण्यासारखें आहे. आमचें मत बहिणीच्या बाजूचें आहे. पाटीवर लिहिलेलें आणि वहींत लिहिलेलें यांत लिहिणारानेंच भेद केला असेल, तर पाटीचा फोटो काढून ठेवण्याचा अधिकार प्रेमानेंहि मिळत नाहीं.

तथापि प्रकरण एवढ्यावर संपलें नाहीं. त्या तीनशें तासांत तेरा बंदिशी निघाल्या, ज्या बाईंनीं आपल्या गुरूपासून घेतल्या होत्या आणि कोणाहि मुलीस पुऱ्या शिकविल्या नव्हत्या. आवाज बाईंचा होता. त्या बंदिशी एकट्या बाईंच्या नव्हत्या. त्या त्यांजकडेहि ठेव म्हणूनच आल्या होत्या, आणि पुढें देण्यासाठीं आल्या होत्या. स्वतःच्या मालकीचें नष्ट करण्याचा अधिकार ज्यास आहे, त्यास स्वाधीन केलेलें नष्ट करण्याचा अधिकार आहे काय? बाईंस हें कोणी विचारलें असतें तर त्यांनीं काय सांगितलें असतें, याचा तर्क दोघें भावंडें आपापल्या परीनें करतात.

त्यांनीं एक वाट काढली, ती आम्हांस पसंत आहे. बहीण त्या मुद्रणांवरून एकेक बंदिश गळ्यांत बसविते, भातखंडे पद्धतीनें लिहून काढते, आणि आत्याच्या एका थोरल्या शिष्येस म्हणून दाखविते. त्या बाई "हो, असंच" म्हणाल्या म्हणजे ती बंदिश जेथें जेथें आहे तीं मुद्रणें पुसावयाचीं. लिपींत सर्व उतरत नाहीं हें भाऊ बोलून दाखवितो, आणि तें खरें आहे. मींड किती लांबली हें कागदास कळत नाहीं. शिवाय एक पेंच असा आहे, कीं प्रत करणें इतकें सोपें असल्यामुळें ती उरली नाहीं याचा पुरावा कधींच देतां येत नाहीं. आहे हें दाखवितां येतें. नाहीं हें दाखवितां येत नाहीं. दोन डिस्क बहिणीसमोर पुसल्या जातात. तिसरी नाहीं असें दादा म्हणतो, आणि तिला तें मानावें लागतें. ज्या "बरं"वर आत्या विसंबली होती, त्याच प्रकारच्या शब्दावर.

आतांपर्यंत पांच बंदिशी झाल्या आहेत. सहावी झुमऱ्यांतील विलंबित आहे. तिच्या अंतऱ्यांत बाई तीन वेगवेगळ्या सकाळीं एकाच जागीं थांबतात, आणि पुढचा शब्द दर वेळीं निराळा घेतात. थोरल्या शिष्येनें तिन्ही ऐकले. त्यांतील कोणताच त्यांस खात्रीनें सांगतां येईना. त्या तीन सकाळचीं मुद्रणें अजून तशींच आहेत, आणि गेल्या दोन रविवारीं त्यांविषयीं दोघांपैकीं कोणीहि विषय काढलेला नाहीं.